'कालिंजर'चं दार

बसा. चहा होतोय. तेवढं ते दार लोटू नका, उघडंच असू द्या. आमच्याकडे हल्ली दारं लावत नाहीत. का, तेच ऐकायला आला आहात ना? मग मध्ये मध्ये बोलायचं नाही. मला कुणी तोडून बोललेलं खपत नाही, हे इथं दिल्लीच्या द्वारकेतल्या अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. आणि आवाज जरा बेतानं. आई आतल्या खोलीत पडली आहे.

मे महिन्यातला रविवार होता. दुपारची जेवणं उरकून मी आईला घेऊन गुरुग्रामला निघाले. काम अगदी साधं. पुढच्या रविवारी तिथल्या एका टॉवरच्या बेसमेंटमध्ये गॅलरीचं उद्घाटन होतं, आईच्या हातून समई लावायची होती. त्या दिवशीच्या गर्दीत म्हातारीची धांदल नको, म्हणून साहेबांनी तिला आधीच जागा बघायला बोलावलं होतं. आईनं साहेबांसाठी रव्याचे लाडू केले होते. टॅक्सीभर डबा मांडीवर धरून बसली. ड्रायव्हर एसी लावेना. मी त्याच्याशी हिंदीत चार शब्द बोलले, मग लावला.

"शुभे, आज तरी तोंड सांभाळ," आई म्हणाली. "साहेबांच्या घरी जातोय आपण."

कोण साहेब, ते सांगते. माझे वडील गुलाबराव साबळे, वाई तालुक्यातले, नौदलात स्टोकर. म्हणजे जहाजाच्या पोटात, बॉयलर रूममध्ये, आग आणि वाफ सांभाळणारा माणूस. त्यांची युद्धनौका 'कालिंजर'. एकाहत्तरच्या लढाईत तिच्या कुशीत गोळा फुटला आणि बॉयलर रूममधली वाफेची मोठी नळी फाटली. वाफ कोंडली, मागून समुद्राचं पाणी आत घुसायची भीती. तेव्हा एका तरुण अधिकाऱ्यानं बॉयलर रूमचं पोलादी दार बाहेरून लावून घेतलं. जहाज वाचलं, त्यावरची सगळी माणसं वाचली. आतले चौघे तेवढे गेले. तो अधिकारी म्हणजे उदयसिंह शितोळे. त्यांना पदक मिळालं. पुढं कमोडोर होऊन निवृत्त झाले. मी तेव्हा आईच्या पोटात होते.

लढाई संपल्यावर साहेब स्वतः आमच्या गावी आले. ओसरीवर बसून आईला म्हणाले, "वहिनी, एका क्षणात गेले ते. त्यांना कळलंसुद्धा नाही."

या एका वाक्यावर माझ्या आईनं आयुष्य काढलं. मिसरूड फुटायच्या वयाचे दीर, खाष्ट सासू, पोटात मी, आणि वीस वर्षांची ती विधवा. पण रात्री झोप लागायची ती या वाक्यामुळे. मला ताप आला की कपाळावर हात ठेवून सांगायची, तुझ्या बाबांना काही दुखलं नाही गं. पुढं पेन्शनचे खेटे, माझं कॉलेज, सगळीकडे साहेबांनी शब्द टाकला. आमच्या देवघरात गणपतीशेजारी साहेबांचा फोटो होता. हसू नका. होता.

'कालिंजर'ची नंतर डागडुजी झाली, ती पुष्कळ वर्षं चालली. मग नौदलानं तिला निरोप दिला आणि धक्क्याला बांधून तिचं तरंगतं म्युझियम केलं. शाळांच्या सहली यायच्या, पोरं तोफेवर बसून फोटो काढायची. पण खारं पाणी कुणाच्या देशभक्तीला जुमानत नाही. तळ कुजत गेला. जहाज वाचवा म्हणून आम्ही सह्या गोळा केल्या, साहेबलोकांच्या दारात उभे राहिलो. सगळे हो हो म्हणाले आणि जहाज भंगारात गेलं. मी धातूच्या जुन्या वस्तू जतन करायचं काम करते. तलवारी, तोफा, देवाच्या मूर्ती. पोलाद कसं मरतं, ते मला माहीत आहे. तरी त्या यार्डात कालिंजरचे तुकडे चिखलात पडलेले पाहिले आणि मी हमसून हमसून रडले.

साहेबांनी तेवढं ते एक दार विकत घेतलं आणि ट्रकवर घालून गुरुग्रामला आणलं. समुद्र इथून कुठल्या कुठे, पण हौसेला मोल नसतं. स्वतः राहतात त्या टॉवरच्या बेसमेंटमध्ये त्यांनी 'वॉर हेरिटेज गॅलरी' उभी करायला घेतली. दाराचं काम मी मागून घेतलं. बाबांचा हात लागलेली वस्तू म्हणून जगात तेवढं ते दारच उरलं होतं.

त्या दारावर रंगाचे थरच्या थर होते, करड्यावर करडा. बाहेरची बाजू लवकर साफ झाली. मग आतली, म्हणजे बॉयलर रूमकडची बाजू खरवडायला घेतली, तर रंगाखाली लांबी लागली. मोटारीला पोचा पडला की गॅरेजवाले भरतात ना, तसली. म्हटलं, एवढ्या जाड पोलादाला लांबी कशाला? काढली. खाली खळगे होते. हातोड्याचे, पान्याचे, बोटाच्या पेराएवढे. छातीच्या उंचीवर दाटीनं, खोल. मग कमरेच्या उंचीवर. मग गुडघ्याच्या. आणि अगदी खाली, उंबऱ्याजवळ... नुसते चरे.

मला कळायला वेळ लागला नाही. आधी उभ्यानं ठोकलं, मग बसून, मग पडल्या पडल्या. एका क्षणात गेलेला माणूस असं ठोकत नाही हो. मी तिथंच फरशीवर बसले आणि त्या खालच्या चऱ्यांवरून हात फिरवत राहिले.

साहेबांना फोन केला. म्हणाले, "भंगारवाल्यांनी हातोडे मारले असतील, बेटा."

"लांबीच्या खाली, साहेब? सगळ्या रंगांच्या खाली?"

मग हळूच म्हणाले, "वहिनींना हे सांगू नकोस. त्यांचं वय बघ. काय मिळणार आहे त्यातून कुणाला?"

डोक्यात अशी सणक गेली होती म्हणून सांगू! पण बोलणं खोटं नव्हतं. आईला काय सांगणार होते मी? की ज्या वाक्यावर तू जगलीस ती थाप होती? तुझा नवरा त्या पोलादावर जीव जाईपर्यंत ठोकत होता? तिच्या पायाखाली तेवढी एकच फळी होती, ती कशी काढून घेऊ? मी ठरवलं, उद्घाटन पार पडू दे, मग साहेबांना एकटं गाठीन आणि खरं काय ते वदवून घेईन. आईच्या कानावर मात्र एक अक्षर जाऊ द्यायचं नाही. काही झालं तरी.

दार बसवताना आणखी एक घोळ झाला. बेत असा होता, की हॉलच्या टोकाला भिंत घालून त्यात दार बसवायचं आणि दारामागे एक लहान खोली, तिथं साहेबांच्या आठवणींची फिल्म दाखवायची. माझं म्हणणं, दाराची बाहेरची बाजू हॉलकडे ठेवा, म्हणजे लोक जहाजावरून बॉयलर रूममध्ये शिरतील, जसं खरं होतं तसं. पण डिझायनर बाईंना खळग्यांचा सोस. "मॅम, इस साइड का टेक्स्चर तो कमाल है यार! लोग सेल्फी लेंगे." मी नाही नाही ते बोलले त्यांना. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी गेले, तर दार उलटं बसवून सिमेंट ओतून मोकळे.

हे नीट ध्यानात घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खळग्यांची बाजू हॉलकडे. म्हणजे दाराच्या हिशेबानं आता हॉल झाला बॉयलर रूम. लिफ्ट, जिना, वरचं अख्खं गुरुग्राम, सगळं त्या बाजूला. आणि जिथं उभं राहून साहेबांनी तेव्हा दार लावलं होतं, ती बाजू झाली मागची ती लहानशी खोली. तिला दुसरी वाट नाही, खिडकी नाही.

तर आम्ही पोचलो. आभाळ पिवळं पडलं होतं. दिल्लीच्या मे महिन्यात आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, येण्याआधी होतं तसं. वारा पडलेला, झाडाचं पान हलत नव्हतं. गार्डनं लिफ्टनं खाली सोडलं आणि तो परत वर गेला. रविवार असल्यानं कामगार नव्हते. हॉलमध्ये साहेब एकटेच, पांढराशुभ्र शर्ट, पाठीचा कणा ताठ. म्हाताऱ्याचं सगळं कसं कडक इस्त्रीचं.

"या या, वहिनी! बिल्कुल वेळेवर." आई पाया पडायला वाकली, त्यांनी वरच्यावर धरलं. लाडवाचा डबा कपाळाला लावून बाजूला ठेवला. दारासमोर खुर्ची मांडून तिला बसवलं.

आई दाराकडे बघत राहिली. तिनं ते पहिल्यांदाच पाहिलं होतं. मग मला म्हणाली, "शुभे, हे वण कसले गं, दारावर?"

"जुनं आहे ना, आई," मी म्हटलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली.

मग साहेब सांगायला लागले. कितीदा सांगितलं असेल त्यांनी ते, सभांमधून, शाळांमधून. आवाज कुठं खाली घ्यायचा तेही ठरलेलं. "वहिनी, असं दार लावण्याआधी जहाजावर एक रीत पाळायची असते. तीनदा ठोकायचं आणि थांबायचं. आतून तीन ठोके परत आले, तर आत माणूस जिवंत आहे. मग बाकी काही होवो, आधी दार उघडायचं. मी ठोकलं होतं. थांबलो होतो." त्यांचे डोळे भरून आले. "उत्तर आलं नाही."

आईनं पदरानं डोळे टिपले. मी जीभ दाताखाली धरून उभी. त्या माणसाच्या मागं, त्याच्या डोक्यापासून घोट्यापर्यंत, उत्तरंच उत्तरं होती, आणि तो आई समोर बसलेली असताना ते बोलत होता. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

"करूनच दाखवतो," साहेब म्हणाले. "पाहुण्यांपुढे हेच करायचंय. जरा तालीम होईल."

"साहेब, क्लिपा नका लावू," मी म्हटलं. दाराच्या कडेनं लोखंडी मुठी असतात, त्यांना क्लिपा म्हणतात. त्या दोन्ही बाजूंनी फिरतात. "नुकतंच तेलपाणी केलंय, अजून रुळल्या नाहीत."

"बेटा, या दाराची आणि माझी ओळख तुझ्या जन्माआधीची आहे." हसले. "आणि उलटं बसवलंय तेच बरं झालं. तुम्ही त्यांच्या बाजूला, मी माझ्या."

आत गेले. दार ओढून घेतलं. एकेक क्लिप फिरल्याचा आवाज आला, जड, सावकाश. त्याच वेळी वर आंधी आदळली असावी. दिवे गेले. जनरेटर घरघरला आणि बंद पडला. भिंतीवरचा एक लहानसा इमर्जन्सी दिवा तेवढा लागला. भर दुपारी त्या तळघरात मध्यरात्र झाली आणि लिफ्टच्या फटीतून धुळीचा कोरडा वास उतरू लागला.

"साहेब, लाइट गेली! बाहेर या," मी ओरडले.

"काही नाही गं... इथंही अंधार आहे... मजा येतेय. ऐका आता."

ठण. ठण. ठण.

आतून तीन ठोके आले. आई खुर्चीत, मी तिच्या शेजारी, हाताची घडी घातलेली. हॉलमध्ये तिसरं कुणी नव्हतं. हे मी देवाशपथ सांगते.

आणि आमच्या बाजूनं, आमच्या डोळ्यांसमोर, दारावर छातीच्या उंचीला... ठण. ठण. ठण.

पोलाद थरारलेलं मी पाहिलं. एका खळग्यात तेल राहिलं होतं, त्याचा ओघळ सुटून खाली आला.

साहेब आतून हसले. "शाब्बास! पण लगेच नाही वाजवायचं, बेटा. जरा थांबायचं असतं."

"मी... मी नाही वाजवलं, साहेब."

मग आतून क्लिप हलवल्याचा आवाज. पुन्हा. "उघड... तुझ्या बाजूनं फिरव. ही जागची हलत नाहीये." मग एकदम हलक्या आवाजात, "कुणी धरलंय का तिकडून?"

मी धावले. क्लिपेला हात घातला तर चटका बसला. लोखंड तापलं होतं. जळक्या तेलाचा भपकारा आला, ओल्या चिंध्यांचा, घामाचा. हवा दमट झाली, श्वास जड झाला. तरी मी पदर गुंडाळून मूठ धरली आणि सगळा भार टाकला. आणि माझ्या हातावर... हात आला.

ओला, गरम, राठ. दिसत काही नव्हतं. पण पंजा मोठा होता आणि अंगठ्याखाली घट्टा होता. त्यानं माझी बोटं क्लिपेवरून एकेक करून सोडवली. दुखवून नाही हो. लहान पोराच्या हातातली कात्री काढून घ्यावी, तसं. मी पन्नाशी उलटलेली बाई. बापाचा हात मला पहिल्यांदा लागला, तो असा.

"अहो..." मागून आई म्हणाली.

मी वळून पाहिलं. ती खुर्चीतून उठली होती. कुणी थोरलं माणूस समोर आल्यासारखा तिनं पदर डोक्यावर घेतला होता आणि दारापाशी, जिथं माझ्या दृष्टीनं कुणीच नव्हतं, तिथं बघत होती. घाबरलेली नव्हती ती. तीच तर भीती.

आत साहेब ठोकायला लागले. आधी तीन-तीन. मग नुसतेच. "उघडा... इथं वाफ येतेय... कुठून येतेय? वहिनी, पोरीला सांगा... दार उघडायला सांगा..."

"आई," मी तिचा दंड धरला, "तू सांग त्यांना. माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील. आई, मरेल गं तो माणूस!"

आई दाराजवळ गेली. ते तापलेलं पोलाद तिला भाजलं नाही. तिनं तळवा त्या खळग्यांवर ठेवला, मग कमरेपाशी, मग गुडघे टेकून खाली, उंबऱ्याजवळच्या चऱ्यांवर. इतके दिवस मी जे लपवलं, ते ती बोटांनी वाचत होती.

"साहेब," ती म्हणाली. आवाज नेहमीचा, भाजीचा भाव विचारावा तसा. "उत्तर आलं होतं ना?"

ठोके थांबले. नुसता धापा टाकल्याचा आवाज.

"आलं होतं," ते आतून म्हणाले. "आलं होतं, वहिनी. मी... मी थांबलोच नव्हतो. ठोकलं आणि लगेच वर कळवून टाकलं, आत कुणी जिवंत नाही. मग उत्तर आलं. आता उघडलं असतं तर... सगळ्यांना कळलं असतं. करिअर संपलं असतं माझं. म्हणून क्लिपांवर लाकडी टेकू ठोकला बाहेरून. तो एकट्याला उचलत नाही... मी एकटा नव्हतो, वहिनी! मी एकटा नव्हतो!"

"पाणी शिरलं होतं आत?"

"...नाही."

"किती वेळ वाजवत होते?"

आतून रडण्याचा आवाज आला. शाळकरी पोर रडतं तसा. "पहाटेपर्यंत. जहाजावरची पोरं विचारायची, हा आवाज कसला... मी सांगायचो, पाइप गार होताहेत. पाइप वाजतात गार होताना... वहिनी, माफ करा. उघडायला सांगा. तुमच्या पाया पडतो..."

मला काय वाटलं, ते सांगते. लपवणार नाही. मला वाटलं, मर मेल्या, असाच मर. आणि ते वाटत असतानाच मी पुन्हा क्लिपेला लटकले होते, हात भाजत होते, "बाबा, सोडा, बाबा, पुरे झालं" म्हणून किंचाळत होते. दोन्ही खरं. माणसाच्या पोटात दोन्ही राहतं.

आई उठली. गुडघे झटकले. खुर्चीपाशी गेली, बसली, पदर नीट केला. तिचा चेहरा त्या मिणमिणत्या उजेडात विशीतल्या मुलीसारखा कोवळा झाला होता आणि त्यावर दयामाया म्हणून नव्हती.

"शुभे, हो बाजूला," ती म्हणाली. मग दाराकडे बघून, हळूच, जेवताना नवऱ्याला आणखी एक भाकरी वाढावी तशा मायेनं म्हणाली, "अहो, तुमचं चालू द्या."

त्यानंतर ठोके पुष्कळ वेळ येत होते. मी कान झाकून घेतले होते. आईनं झाकले नाहीत. आधी छातीच्या उंचीवरून येत होते. मग खालून. मग आणखी खालून.

दिवे आले, जनरेटर सुरू झाला, आंधी थांबली. गार्ड खाली आला तेव्हा मी दारापाशी पडले होते. त्यानं एका हातानं क्लिप फिरवली. लोण्यासारखी फिरली. दार उघडलं. साहेब उंबऱ्याशी आडवे होते, मुठींची साल गेलेली, शर्ट चिंब भिजलेला, चेहरा लालबुंद. खोलीत एसी थंडगार चालू होता. कुठं थेंबभर पाणी नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, वय झालं होतं, अंधारात घाबरले असतील. पोलिसांनी मला विचारलं, तुमचे हात कशानं भाजले? मी म्हटलं, दार उघडायचा प्रयत्न करत होते. त्यांनी दाराला हात लावून पाहिला. दार गार होतं. गॅलरीचं उद्घाटन राहिलंच, तळघराला कुलूप पडलं. पेपरात साहेबांवर मोठा लेख आला. त्या दाराचा फोटोही होता, टेक्स्चरवाल्या बाजूचा.

आईला मी काही दिवस डोळ्यांआड होऊ दिलं नाही. वाटलं, आता खचेल. जे वाक्य धरून उभी होती, ते गेलं. पण कसलं काय! चांगली जेवते. रात्री गाढ झोपते. सकाळी न्हाऊन केसांना तेल लावते. मागच्या आठवड्यात मला म्हणाली, एक हिरवी साडी आण गं, काठाची. मी आणली. काय करणार? नाही म्हणायची छाती होत नाही आता तिला.

आज सकाळचं सांगते आणि संपवते. मी चहा गाळत होते. आई ओट्याशी उभी राहून शेंगा सोलत होती. मध्येच म्हणाली, "शुभे, नोएडाला कसं जातात? इथून मेट्रो थेट आहे का?"

"आहे की, ब्लू लाइन. का गं?" मी म्हटलं. "आपलं कोण राहतं नोएडाला?"

"मला काय माहीत, बाई," आई शेंगा सोलतच म्हणाली. "हे विचारत होते."